बच्चन चिडला म्हणून पोरं डोस प्यायला आली, मग गुटख्याच्या नावाच्या इलायचीच्या जाहिरातीचं पण तसंच होणार ना?

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. मोठं झालंय थोडं, पण सोलापूरकरांनी तरी पूर्ण वाचा.

आई माझी अंगणवाडी सेविका होती, सोलापूरच्या पूर्व भागात. पल्स पोलिओचा रविवार आला की सकाळी सकाळी मी पण तिच्याबरोबर बूथवर, माझं काम म्हणजे डोस झालेल्या पोराच्या डाव्या करंगळीवर मार्करनं खूण करायची. तो निळा डबा, आत बर्फ, बर्फात एवढीशी बाटली, पोराचे गाल दाबायचे आणि दोन थेंब. बूथवर येणारे येतातच हो, खरा त्रास दुसऱ्या दिवसापासून. घरोघरी जायचं, कुठं तेलुगू, कुठं कन्नड, कुठं उर्दू, आई तिन्ही भाषा मोडक्यातोडक्या बोलायची तरी काही घरं दारच उघडायची नाहीत. मग टीव्हीवर अमिताभची ती दो बूंद जिंदगी कीची जाहिरात लागायला लागली, ज्यात तो पोरांना डोस न पाजणाऱ्यांवर चिडतो. आणि एक विडी वळणारी बाई, जिनं आधी दोनदा पोराला आत लपवलं होतं, ती स्वतः त्याला काखेत घेऊन आली आणि आईला म्हणली, "ताई, बच्चन लई चिडालाय ओ टीव्हीवर, पाजा डोस."

हे मी माझ्या कानानं ऐकलंय. आई आणि तिच्यासारख्या बायका वर्षानुवर्षं उंबरे झिजवत होत्या म्हणूनच पोलिओ गेला, श्रेय त्यांचंच पहिलं. पण जे दार आईला उघडत नव्हतं ते त्या चेहऱ्यानं उघडलं हे पण खरंय. देशातली पोलिओची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्यातली एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी आईनं घरी शिरा केला होता.

म्हणून कुणी म्हणलं ना, की अरे जाहिरात आहे ती, जाहिरात बघून कोण काय खातं, तर मला पटत नाही. जो चेहरा डोस पाजू शकतो तो सुपारीची पुडी पण खायला लावू शकतो.

आता मामाच्या मुलाचं सांगतो. वय २७, लूमवर रात्रपाळी. आधी तंबाखू-सुपारीचा मावा, मग ती सुपारीची पुडी, दिवसाला पंधरा वीस. कितीदा सांगितलं तर एकच उत्तर, "दादा यात तंबाखू नसतंय, ते मोठमोठे हिरो लोक खातेत की टीव्हीवर." गेल्या वर्षी तिखट लागलं की तोंडात आग व्हायला लागली, मग घास मोठा जाईना. डॉक्टरनं त्याला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली, साध्या माणसाची जातात. याची दीडच गेली. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे गालाच्या आतली कातडी दोरीसारखी घट्ट होत जाते, आणि यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. सोलापूरचा पोरगा आणि कडक भाकरी खाता येत नाही त्याला, मामी आमटीत भाकरी चुरून, पार मऊ करून, चमच्यानं खाता येईल असं देते. शेंगा चटणी तर बंदच.

आणि हे नुसत्या सुपारीनं होतं. तंबाखू नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ लाच नुसती सुपारी पण कॅन्सर करते असं सांगितलंय, पण हे आमच्या पोराला कुणी सांगितलं नाही, हिरोनं मात्र रोज खा म्हणून सांगितलं.

गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद. जाहिरात तर करताच येत नाही, मग त्याच नावाची, त्याच रंगाची इलायची काढायची आणि तिची जाहिरात करायची. इलायची किती खपते ते कुठल्या पण टपरीवर उभं राहून बघा, लोक नाव घेतात आणि टपरीवाला काय काढून देतो ते बघा. अमिताभ २०२१ ला अशाच एका जाहिरातीतून बाहेर पडला, पैसे परत केले. अक्षय कुमारनं २०२२ ला अशाच जाहिरातीबद्दल माफी मागितली. बाहेर पडले ते चांगलंच केलं, पण सही करायच्या आधी कुणीच विचारलं नसेल का की बाबा ही इलायची नक्की कशाची आहे? सचिनच्या वडिलांनी त्याला तंबाखू दारूची जाहिरात करू नको म्हणलं होतं आणि त्यानं तो शब्द पाळला. बॅडमिंटनच्या गोपीचंदनं ऑल इंग्लंड जिंकल्यावर कोल्ड्रिंकची जाहिरात नाकारली, मी स्वतः पीत नाही तर दुसऱ्याला कसं सांगू म्हणून. म्हणजे नाही म्हणता येतं.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी सेलिब्रिटीला पण १० लाखापर्यंत दंड आहे, परत केलं तर ५० लाख. कोटीत पैसे घेणाऱ्याला १० लाखाचं काय वाटणार, माझ्या मते जाहिरातीचे जेवढे घेतले तेवढेच भरायला लावले पाहिजेत.

उलट बाजूनं पण बघा. शरद पवारांचं २००४ ला तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि ते हे लपवत नाहीत, स्वतःच्या सवयीचा पश्चात्ताप भाषणात सांगतात. २००९ ला आपल्या माढ्यातून निवडून गेलेला माणूस. आर. आर. आबा २०१५ ला त्याच आजारानं गेले, तेव्हा आमच्या गल्लीत दोघातिघांनी तंबाखूचा डबा खरंच फेकून दिला होता, एकानं तर आजपर्यंत हात नाही लावला.

आपलं गाव अवघड आहे यात, मान्य. इथं घराघरात विड्या वळून संसार चालतो, तंबाखूवर बोललं की कुणाच्या तरी चुलीवर बोलल्यासारखं होतं. त्या बायकांना दुसरं काम मिळालं पाहिजे हे मी मनापासून म्हणतो. पण पुडीचं तसं काय आहे सांगा?

आणि फक्त मुंबईच्या हिरोंना का बोलायचं. आपल्या चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात, त्या चेहऱ्यांना पोरं मानतात, त्यांच्यामागं गाड्या काढतात. ह्या गड्ड्याच्या जत्रेला त्यातल्या एकानं तरी बॅनरवर स्वतःच्या फोटोखाली लिहावं, तीन बोटं तोंडात जातात का बघा, नाही गेली तर सिव्हिलला जाऊन दाखवा. बॅनरचा खर्च तोच आहे. मी ओळखीतल्या दोघांना विचारलंय, एक हो म्हणलाय.

मामाचा पोरगा पुडी सोडून चार महिने झाले. रोज आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातात धरतो, तोंड उघडायचा व्यायाम म्हणून. सुरुवातीला अकरा बसायच्या. काल रात्री फोन केला, "दादा, तेरा."