अण्णांची पेटी बरोबर होती

काल संध्याकाळी एका ओळखीच्यांकडे रेकॉर्ड ऐकायला आम्ही सातआठ जण जमलो होतो. 'काइंड ऑफ ब्लू'ची नवी छापलेली एलपी त्यांच्याकडे आली होती. अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा अल्बम, तुम्हाला वेगळं सांगायला नको. या छपाईत पहिल्या बाजूचा वेग सुधारलेला आहे असं यजमान सांगत होते, तेवढ्यात एक गृहस्थ सोफ्यावर मागे रेलून म्हणाले, "पाव सुराचा तर फरक. तीसेक वर्षं कुणाच्या बापाला कळला नाही."

माझ्या बापाला कळला होता.

मी तिथे काहीच बोलले नाही. दुसऱ्याच्या घरी, चहा हातात असताना, आवाज चढवायची सवय नाही मला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून हे लिहायला बसले आहे.

आमचे आत्तोबा बोटीवर होते. १९६८ साली न्यूयॉर्कहून येताना त्यांनी ही एलपी आणली, आणि रेकॉर्ड प्लेअर आमच्याच घरी होता म्हणून ती आमच्याकडे राहिली. गिरगावातल्या दोन खोल्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाझचा 'ज' माहीत नव्हता. चाळीतल्या गुरुवारच्या भजनाला ते पेटी वाजवायचे, तेवढाच त्यांचा संगीताशी संबंध. पहिल्यांदा 'सो व्हॉट', म्हणजे रेकॉर्डवरची पहिलीच चीज, लागली तेव्हा ते दाढी करत होते. पॉल चेंबर्सचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, ते ऐकून साबणाच्या तोंडानं बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, हा बुवा ओळ टाकतोय आणि झीलकरी झेलतायत!" मग खाली बसून पेटी ओढली. पाचदहा मिनिटांत त्यांनी शोधून काढलं की हे काफी थाटाचे स्वर आहेत. सोळा मात्रा नव्हे, सोळा आवर्तनं एकाच सा वर, मग आठ आवर्तनं सगळंच्या सगळं अर्धा सूर वर, मग परत खाली. "यांनी सा हलवला, पण थाट नाही सोडला," हे त्यांचं वाक्य. जाझवर लिहिणारे ज्याला मोडल म्हणतात ते अण्णांनी असं ओळखलं, ओल्या गालानं.

पण सा सापडेना. पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, दाबली तर रेकॉर्ड वर. काळी दोन दाबली तर रेकॉर्ड खाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, भाता मी हलवत होते. अण्णा एकदा ही पट्टी, एकदा ती पट्टी दाबत राहिले आणि शेवटी म्हणाले, "याचा सा पट्टीत नाही, फटीत आहे."

दुसरी बाजू लावली तर 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर चपखल. एक केस इकडे तिकडे नाही.

आता इथून पुढचं मला आजही सहन होत नाही. अण्णांनी पेटीवाल्याला बोलावलं. त्यानं सूर तपासले, म्हणाला पेटी ठणठणीत आहे. मग रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला नेला. तिथल्या माणसानं तबकडीवर रेघारेघांचा गोल कागद ठेवला आणि वर ट्यूबलाइट लावली. तबकडी फिरतेय आणि काळ्या रेघा जागच्या जागी थिजून उभ्या, मी डोळे विस्फारून बघत होते. म्हणजे वेग अगदी बरोबर. मग एका संगीत मंडळातल्या जाणत्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, अमेरिकेतली एवढी मोठी कंपनी चुकेल का, तुमचा कान भजनातला आहे.

अण्णांचं म्हणणं इतकं साधं होतं! "मशीन पळत असतं तर दोन्ही बाजू पळाल्या असत्या. पेटी उतरली असती तर दोन्ही बाजूंना उतरली असती." यात कुठे भजनाचा कान आला? हा सरळ हिशोब आहे. पण तो हिशोब करणारा माणूस कारकून होता आणि समोर रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचं लेबल होतं. अण्णांनी पुन्हा कधी पहिल्या बाजूबरोबर पेटी वाजवली नाही. ऐकायचे, रोज ऐकायचे, पण हात मांडीवर ठेवून.

आणि खरं काय होतं? २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या पूर्व तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जो मुळात एक चर्च होता, पहिल्या बाजूच्या तीन चिजा ध्वनिमुद्रित झाल्या. 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन'. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं पुढे योग्य वेगानं वाजवलं की ते पळतं आणि सुरात चढतं. शेजारी दुसरं मशीन राखीव टेप भरत होतं, ते बरोबर चालू होतं. पण एलपी निघाली ती पहिल्या टेपवरून. दुसरी बाजू २२ एप्रिलला झाली, तोवर मशीन ठीक होतं. १९९२ मध्ये सीडीसाठी राखीव टेप बाहेर काढली आणि दुरुस्ती झाली. मग त्याच दशकात सुधारलेली एलपीही आली.

म्हणजे पहिली बाजू चढी, दुसरी बरोबर. शब्दशः अण्णा म्हणत होते तेच.

गंमत बघा, सुरुवातीच्या छपाईत दुसऱ्या बाजूच्या दोन चिजांची नावंही उलटसुलट पडली होती. ती चूक डोळ्यांना दिसते म्हणून लोकांच्या लक्षात आली. कानांना ऐकू येणारी चूक मात्र तीन दशकांहून जास्त तशीच विकली गेली. रेकॉर्डबरोबर वाजवून शिकणारी किती पोरं तोवर आपलाच सॅक्सोफोन पुन्हा पुन्हा लावून बघत बसली असतील, आपल्यातच खोट आहे असं समजून. याला तुम्ही "पाव सुराचा तर फरक" म्हणता? अहो, आपल्याकडे तानपुरा जुळेपर्यंत गवई तोंड उघडत नाही आणि श्रोते अर्धा अर्धा तास गप्प बसतात. ते कशासाठी बसतात? पाव सुराहून कमी असलेल्या गोष्टीसाठीच ना?

बरं, एक मान्य करते. चढ्या सुरातली ती पहिली बाजू ऐकून ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना सुधारलेली जरा मंद वाटते. मलाही काल पहिली दोन मिनिटं तसंच वाटलं. जुन्या रेकॉर्डमधली ट्रम्पेट जास्त लखलखीत होती. असेल. पण माइल्सनं फुंकली ती एवढी चढी नव्हती. त्या खोलीत त्याच्याबरोबर वाजवणारे कोलट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल इव्हान्स, जिमी कॉब यांनी जे ऐकलं ते खालच्या सुरातलं होतं. (विंटन केलीही, एका चिजेपुरता.) फारशा तालमीशिवाय, कागदावरच्या चार खुणांवर ही माणसं वाजवत होती. त्यांनी लावलेला सूर तरी आपल्यापर्यंत जसाच्या तसा यावा, एवढंच मागणं आहे.

आणि पुन्हा छापणाऱ्यांवरही माझा राग आहे, तोही सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी मी एका दुकानात याच एलपीची नवी छपाई घ्यायला गेले. विचारलं, पहिली बाजू सुधारलेल्या वेगाची आहे का? दुकानदार म्हणाला, "मॅडम, १८० ग्रॅमची आहे." पुठ्ठ्यावर वजन ठळक छापलेलं, आत जाड कागद, चकचकीत फोटो, आणि सुराबद्दल एक अक्षर नाही. रेकॉर्ड काय भाजी आहे का वजनावर घ्यायला? हजारो रुपये मोजायला तयार आहे मी, महाग आहे हेही मान्य, पण पाठीमागे एक ओळ छापा की ही बाजू कुठल्या टेपवरून घेतली. मी ती न घेता परत आले. घरी येऊन पेटीजवळ नुसती बसून राहिले.

अण्णा १९८९ मध्ये गेले. दुरुस्ती १९९२ ची. तीन वर्षं. खूप वर्षं मला हे तीन वर्षांचं अंतर टोचत राहिलं. मग एकदा लक्षात आलं की माइल्स डेव्हिस सप्टेंबर १९९१ मध्ये गेला. म्हणजे त्यालाही नाही मिळाली ती. कोलट्रेन १९६७ लाच गेला, चेंबर्स १९६९ ला, वय अवघं तेहेतीस. इव्हान्स १९८० ला. त्या सगळ्यांच्या आणि अण्णांच्या घरात एकच चढी रेकॉर्ड होती. हे सुचलं तेव्हापासून राग थोडा उतरला आहे. त्या सोफ्यावरच्या गृहस्थांवरचा पण उतरला असेल लिहिता लिहिता, माहीत नाही.

काल निघताना यजमानांनी माझा चेहरा बघून विचारलं, न्यायची आहे का दोन दिवस? मी पिशवी छातीशी धरून रिक्षातून आणली. रात्री साडेअकराला पेटी काढली. मागच्याच वर्षी सूर लावून घेतली आहे. भाता एका हातानं हलवायचा आणि दुसऱ्यानं पट्टी दाबायची, शेजारी झोपलेले, म्हणून अगदी हळू. बास सुरू झाला. बासनं ओळ टाकली, झीलकऱ्यांनी झेलली. मी पांढरी दोन दाबली.

बसली. फट नाही कुठे.

तुमच्यापैकी कुणाकडे जुनी, नव्वदच्या आधीची प्रत असेल तर आज एवढं करा. पेटी घ्या, नसेल तर शेजारून मागून आणा, पहिली बाजू लावा आणि पांढरी दोन दाबून बघा. मग दुसरी बाजू लावून पांढरी पाच. काय ऐकू आलं ते खाली लिहा. घरात कुणी म्हातारं माणूस त्या रेकॉर्डबरोबर वाजवायचं थांबलं असेल तर तेही लिहा.