‘एक सातारकर’ यांस: प्रवाशावर गावाने भरवसा का ठेवावा?

सलाम.

ख्रिस्ती माणूस या जगात प्रवासी म्हणून राहतो, त्याचं कायमचं घर पुढे आहे, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ती तशीच ठेवली आहे, उडवलेली नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं, हा पळपुटेपणा आहे. प्रवासी म्हणवणारे हेच लोक सातबाऱ्यावर नाव लावायला पुढे असतात. चर्चच्या जमिनींवरून कोर्टात वर्षानुवर्षं भांडतात. आणि शेवटी, ‘ज्यांना हे जग धर्मशाळा वाटतं त्यांच्यावर गावाने भरवसा का ठेवावा? उद्या बॅग उचलून निघणारी माणसं तुम्ही!!!’

आधी या तीन उद्गारचिन्हांबद्दल बोलतो. मतभेदाला माझी ना नाही. पण ‘पढवलेली पोपटपंची’, ‘तुम्ही लोक’, ‘तुमच्या साहेबांनी शिकवलं’ ही भाषा चर्चा करणाऱ्याची नाही. तुम्ही मला ओळखत नाही. मी कुठे जन्मलो, काय शिकलो, कुणाच्या हाताखाली वाढलो, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक नाही. तरी मला कुणी पढवलं हे तुम्ही ठरवून मोकळे झालात. समोरासमोर बसलो असतो तर तुम्ही असं बोलला नसता, असं मी धरून चालतो. नाव न लावता लिहिलं की जीभ सैल सुटते.

एक गोष्ट तुमची मान्य. काही प्रवचनांत हे जग म्हणजे नुसता कचरा, कधी एकदा यातून सुटतोय, अशा थाटात बोललं जातं. ते मलाही पटत नाही. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव आपण केलेलं सगळं पाहतो आणि ते फार चांगलं आहे असं म्हणतो. त्याला कचरा म्हणायचा अधिकार कुठल्या पाळकाला नाही. एवढं तुमचं खरं.

आता भरवशाचं. हे वाक्य मला लागलं, म्हणून त्याच्यावरच लिहितो.

बायबलातल्याच इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामाचं नाव आहे. तो आणि त्याच्यासारखे लोक आपण पृथ्वीवर परके आणि प्रवासी आहोत हे कबूल करून जगले, असं तिथे म्हटलं आहे. हा अब्राहाम त्याची बायको सारा वारल्यावर काय करतो ते उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात वाचा. तो तिथल्या हित्ती लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो, मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला माझं माणूस पुरायला जागा द्या. एफ्रोन हित्ती जमीन फुकट देतो म्हणतो. अब्राहाम घेत नाही. वेशीत, चार लोकांच्या देखत, ४०० शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तोलून देतो आणि मकपेलाचं शेत, त्यातली गुहा, बांधावरची झाडंसुद्धा रीतसर आपल्या नावावर करून घेतो. म्हणजे पहिला प्रवासी तोच आणि साक्षीदारांसमोर जमीन घेणाराही तोच. तुमच्या सातबाऱ्याच्या टोमण्याला याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ती जमीन कशासाठी घेतली? आपलं माणूस त्या मातीत ठेवायला. माझे आजी-आजोबा मिरजेच्या मातीत आहेत. बॅग उचलून निघणाऱ्यांची माणसं अशी मागे राहत नाहीत.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय तर तुमच्यासारख्यांनी जरूर वाचावा. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनात, कैद होऊन गेलेल्या आपल्या लोकांना तो पत्र लिहितो. ते नगर त्यांचं नव्हतं, तिथून परतायचं होतं, तेही सत्तर वर्षांनी. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा. आणि ज्या नगरात तुम्ही कैदी आहात त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. यात पळपुटेपणा कुठे दिसतो ते मला दाखवा.

आता घरचं सांगतो. माझे वडील मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. उभी हयात आम्ही क्वार्टरमध्ये काढली. भिंत आमची नाही, दार आमचं नाही, निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करायची, हे आम्हा भावंडांना कळत्या वयापासून माहीत होतं. त्याच क्वार्टरमागे वडिलांनी शेवगा लावला, कढीपत्ता लावला आणि नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना रामफळाचं रोप आणून लावलं. आई म्हणाली, याची फळं कोण खाणार? वडील म्हणाले, इथे जो राहील तो. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी स्वतः चुन्यात नीळ कालवून दोन्ही खोल्यांना हात मारला, मागच्या दाराची ढिली कडी बसवली. नवीन कुटुंब आलं तेव्हा त्या बाईंना मागे नेऊन दाखवलं, मोरीचं पाणी पन्हळीतून रामफळाला जातं, ही पन्हळ बुजवू नका. मग किल्ली दिली. मागे वळून पाहिलं नाही असं मी लिहिणार नाही, पाहिलं. पण घर सोडताना त्यांनी कुरकुर केली नाही. ज्याला आपण इथले मालक नाही हे ठाऊक आहे तो माणूस जागा कशी वापरतो, हे मी तिथे पाहिलं आहे. तुम्ही मला भरवसा शिकवू नका.

तुमच्या ‘साहेबां’बद्दलही बोलायलाच हवं. डॉ. विल्यम वान्लेस कॅनडात जन्मले, १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत ते इथे राबले. कर्नाटकातून, कोकणातून बैलगाड्या करून माणसं तिथे यायची. हा माणूस तर खरोखरच परदेशी होता. त्याच्यावर लोकांनी सुरीखाली झोपण्याइतका भरवसा ठेवला. आणि तुम्ही सातारकर आहात तर आपल्याच गावचं तरी आठवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. पगार सोडून फकीर झालेला हा माणूस देशावर जीव टाकणाऱ्या कविता लिहीत होता. त्याला या मातीशी देणंघेणं नव्हतं, असं म्हणून दाखवा.

तुमच्याच जिल्ह्यात दर आषाढीला माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते. वारकऱ्याला पंढरपूर गाठायचं असतं, लोणंदला राहायचं नसतं. म्हणून लोणंदकर त्याला दारात उभं करत नाहीत का? पाणी देतात, भाकरी देतात, ओसरीवर झोपायला जागा देतात. वाटेवरच्या माणसावर भरवसा ठेवणं महाराष्ट्राला नवीन नाही. तो फक्त आमच्या बाबतीत का आटतो, याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. कपाट, पुस्तकं, आईचं शिवणयंत्र, सगळं गेलं. त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका, ज्यांची स्वतःची घरं पाण्यात होती त्यासुद्धा, निवाऱ्याच्या शाळेत भात-आमटी रांधत होत्या. पंगतीत कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. जग टिकणारं नाही हे त्यांना कुणी प्रवचनातून सांगायची गरज नव्हती. तरी कुणी बॅग उचलली नाही.

कोर्टातल्या दाव्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. तो विषय वेगळा आहे, आणि भांडणारे सगळ्याच धर्मांत आहेत. पळपुटेपणाचं उत्तर वर येऊन गेलं आहे.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, छापीन. फक्त नाव लावून लिहा, आणि ‘तुम्ही लोक’ न म्हणता मला एकट्याला उद्देशून लिहा. यिर्मया वाचून लिहिलंत तर मी सविस्तर उत्तर देईन.