ओटीपी आधी देऊ नका
बिघडलेल्या घरगुती उपकरणांची कंपनीकडे तक्रार करण्यावरच्या तुमच्या लेखातला ‘तक्रार क्रमांक जपून ठेवा’ हा सल्ला ठीक, पण माझ्याकडे एकाच वॉशिंग मशीनचे चार क्रमांक जपलेले आहेत! दुरुस्तीचा माणूस यायच्या आतच ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा मेसेज हजर. तिसऱ्या वेळी तर फोन आला, "मॅडम, ओटीपी सांगा, उद्या नक्की येतो." सांगितला, आणि तक्रार बंद. ओटीपी काम झाल्यावरच द्यायचा असतो हे मला काय माहीत! इकडे ड्रममध्ये चादरी भिजून वास मारायला लागलेल्या, पाणी उतरेना. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे माणूस उगवला. पाणी बाहेर टाकणाऱ्या ड्रेन पंपात निघालं काय, तर ह्यांच्या शर्टाचं बटण. दहा मिनिटांचं काम. व्हिजिट चार्ज मात्र चोख घेतला, वर "पाच स्टार द्या हं मॅडम".