वारा फुकट, शीड नाही

संत्याचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेले, तेव्हापासून त्याच्यासमोर जहाजाचं भाडं काढायची सोय नाही. परवा गंगापूर रोडच्या कट्ट्यावर त्यानंच विषय काढला.

"जहाजांना पुन्हा शिडं लावतायत म्हणे. मग भाडं उतरायला पाहिजे ना भो? वारा तर फुकट आहे."

"वाऱ्यावर सोड तुझी द्राक्षं," दिन्या म्हणाला, "रॉटरडॅमला मनुके उतरतील."

चीफ आमच्यात वयानं मोठे, मर्चंट नेव्हीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "इंजिन काढत नाहीत रे कुणी. वारा नुसता हातभार लावतो. २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले, शिडांसारखेच. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचलं."

मग त्यांनी रोटरचं सांगितलं. डेकवर उभा, मोटरनं गरगर फिरणारा उंच नळकांडा. फिरकीचा चेंडू हवेतच वळतो ना, तोच जोर इथं जहाजाला पुढं ढकलतो. जर्मनीच्या फ्लेटनरनं १९२४ लाच असं जहाज पाण्यात उतरवलं होतं. ते अटलांटिक पारही गेलं, पण स्वस्त तेलापुढं टिकलं नाही.

"पण फिरवायला वीज लागणारच!" दिन्या.

"लागते. पण वाचतं ते त्याहून बरंच जास्त. 'मर्स्क पेलिकन' टँकरवर दोन रोटर लावून वर्षभर मोजलं, ८.२ टक्के इंधन वाचलं."

"आठ टक्क्यांसाठी एवढा खटाटोप?"

हे मला पटलं नाही. जहाज चालवण्याच्या खर्चात इंधनाचा वाटा केवढा मोठा असतो! खरी मेख पुढं निघाली. टाइम चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यानं जहाज दिलं की इंधनाचं बिल भाड्यानं घेणाऱ्याचं, पंखांचा खर्च मात्र मालकाच्या बोडक्यावर. बचत दुसऱ्याच्या खिशात जाणार असेल तर मालक पैसे कशाला घालेल? 'पिक्सिस ओशन'ला जमलं, कारण मालक मित्सुबिशी आणि भाड्यानं घेणारी कारगिल कंपनी, दोघं मिळून उतरले.

"बरं, माझ्या कंटेनरचं बोला," संत्या.

चीफनी मान हलवली. "कंटेनर जहाजाचा डेक थरांनी भरलेला, वर बंदरातल्या क्रेन. खांब रोवायचे कुठं? शिवाय ती वेगानं जातात, त्यामुळे वारा बहुतेक समोरूनच लागतो, त्याचा जोर मिळत नाही. सावकाश चालणाऱ्या बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजांना, आणि टँकरला हे खरं मानवतं."

"म्हणजे मला काय मिळालं? घंटा!"

"पोटॅश टाकतोस ना बागेला? तो परदेशातूनच येतो, बल्कनं."

"मग पोटॅश तरी स्वस्त होईल?"

"ते तुझ्या खतवाल्याला विचार," दिन्या म्हणाला, "आणि आधी मागची उधारी दे."