‘वड्या कोण घालतं?’: इतवारीच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

माझ्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रियेत नावाच्या जागी तुम्ही फक्त ‘इतवारीवाला’ लिहिलंत, म्हणून भाऊ म्हणते. नोकरी सांभाळून आमचा वाळवणाचा जोडधंदा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर कसा वाढला, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तुमचं किराणा दुकान तीन पिढ्या एकाही जाहिरातीशिवाय चाललं. फॉलोअर्सनी घरात तेल-मीठ येत नाही. तुमच्या पुतणीने केकच्या धंद्यासाठी 15,000 रुपये जाहिरातीत घातले आणि ऑर्डरी आल्या दोन. माझ्यासारखे लोक असले लेख लिहून पोरींना स्वप्नं विकतात. आणि शेवटी विचारलंत, “मॅडम, सगळं सांगितलं, पण वड्या कोण घालतं ते काऊन नाही सांगितलं?”

हा शेवटचा प्रश्न तीन दिवस डोक्यातून गेला नाही. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

वड्या माझ्या जाऊबाई घालतात. मुगाची डाळ रात्री सासूबाई भिजवतात. पहाटे साडेचारला जाऊबाई उठतात, डाळ वाटतात, त्यात आलं, जिरं, मिरची घालतात आणि गच्चीवर खाटेवर जुनी साडी पसरून एकेक वडी हाताने टाकतात. मे महिन्यात नागपूरचं ऊन सकाळी आठलाच अंगावर येतं, त्याच्या आत चार-पाच खाटा भराव्या लागतात. दुपारी पंचेचाळीस अंशांत गच्चीवर जाऊन वड्या उलटायच्या. अवकाळी आलाच तर धावत जाऊन खाटा आत घ्यायच्या. मी तेव्हा हिंगण्याला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये बसलेली असते. माझ्या वाट्याला फोटो, हिशेब, निरोपांची उत्तरं आणि रविवारचं पॅकिंग येतं. रोजचे दीड-दोन तास जातात, सणासुदीला त्याहून जास्त.

मागच्या लेखात मात्र मी सगळीकडे ‘मी’ लिहिलं. मी धंदा सुरू केला, मी वाढवला. ते चुकलं. जाऊबाईंनी तो लेख वाचला होता आणि त्या काहीच बोलल्या नव्हत्या. तुमची प्रतिक्रिया मीच त्यांना वाचून दाखवली. तेव्हा म्हणाल्या, “बरं झालं बाई, कोणीतरी विचारलं.” लेखात आता दुरुस्ती केली आहे. सामान आणि पॅकिंगचा खर्च काढून जे उरतं त्याचे तीन सारखे भाग होतात, सासूबाईंचा धरून. हेही आधीच लिहायला हवं होतं.

फॉलोअर्सबद्दल तुमचं बरोबर आहे. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे. गेल्या एप्रिलमध्ये सरगुंड्यांचं एक रील टाकलं होतं, त्यात नुसती जाऊबाईंची बोटं काडीवर कणीक गुंडाळताना दिसत होती. ते दोन लाखांवर लोकांनी पाहिलं. इंदूर, पाटणा, कुठून कुठून माणसं “ये क्या है?” विचारत होती. फॉलोअर्स भराभर वाढले आणि आम्ही घरात पेढे वाटले. त्या रीलमधून ऑर्डरी आल्या अकरा. त्यातल्या सात नागपूरच्याच होत्या, आणि बाहेर पाठवलेल्या चारपैकी दोन डब्यांत सरगुंड्यांचा चुरा पोचला. माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो का, दुसऱ्याला पाठवतो का, हे ॲप पाहतं आणि त्यावरून रील पुढे ढकलतं. त्या माणसाला आमरसाबरोबर सरगुंडे खायचे आहेत का, हे त्याला कुठून कळणार?

माल खपतो तो व्हॉट्सॲपवर, ओळखीच्या माणसांत. आमच्या यादीत आज 190 नंबर आहेत. हे सगळे निदान एकदा विकत घेतलेले लोक. एकच निरोप सगळ्यांना वेगवेगळा पोचवणाऱ्या व्हॉट्सॲपच्या एका ‘ब्रॉडकास्ट’ यादीत 256 नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो निरोप पोचतो. हे कळायला आम्हाला सहा महिने लागले. आम्ही निरोप पाठवत होतो आणि निम्म्या लोकांना ते मिळतच नव्हते! आता प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी असते: “नंबर सेव्ह करा, नवीन वड्या झाल्या की कळवू.” रात्री नऊला स्टेटस टाकलं की बारा किलो मुगवड्या दोन दिवसांत संपतात.

आणि भाऊ, हा तुमचाच धंदा आहे. प्रतापनगरच्या एक काकू हिंजवडीला राहणाऱ्या मुलासाठी पुडे नेतात. गणेशपेठेतल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात डबा दिला की तो सकाळी पुण्यात. त्या मुलाच्या खोलीत अमरावतीचा एक पोरगा राहतो, त्याने वड्यांच्या भाजीचा फोटो आपल्या ग्रुपवर टाकला. पुण्याचे आमचे चौदा गिऱ्हाईक त्या एका फोटोतून आले. तुमच्या आजोबांच्या दुकानाचं नाव असंच एका घरातून दुसऱ्या घरात गेलं असेल ना? इथे ते फोनवरून गेलं, एवढंच.

पण जाहिरातीशिवाय दुकान चालतं, हे मला तसंच्या तसं मान्य नाही. इतवारीत तुमचं दुकान रस्त्यावर आहे, आणि तिथे आख्खा विदर्भ खरेदीला येतो. ती जागाच तुमची जाहिरात आहे. आमचं घर मानेवाड्याला, आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. आमच्या दारावरून दूधवाल्याशिवाय कोणी जात नाही. बाजारपेठेत गाळा घ्यायचा तर डिपॉझिटच आमच्या दोन वर्षांच्या कमाईहून जास्त. पहाटे उठणाऱ्या त्या बाईचं काम चार गल्ल्यांपलीकडे कळावं, यासाठी आमच्याकडे फोनशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणून पोरींना ‘हे करू नका’ असं मी सांगणार नाही.

स्वप्नं विकण्याबद्दल थोडक्यात सांगते. त्या लेखासाठी कोणाकडूनही एक रुपया घेतलेला नाही. घेतला असता तर तसं स्पष्ट लिहिलं असतं. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम 2021पासून आहेच.

आता तुमच्या पुतणीचं. तिचे 15,000 गेले याचं मला मनापासून वाईट वाटलं. काय झालं असेल याचा अंदाज बांधते, कारण आम्हीही 2,000 तसेच घालवले होते. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, ते पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण दाबलं की ॲप विचारतं, तुम्हाला काय हवं: प्रोफाइलला भेटी, वेबसाइटला भेटी, की मेसेज? आम्ही ‘भेटी’ निवडलं. भेटी मिळाल्या, लोक बघून निघून गेले. वर गाव निवडलं होतं ‘महाराष्ट्र’. केक तर नागपुरातून नाशिकला जाऊच शकत नाही. तिने ‘मेसेज’ निवडावं आणि घराभोवतीचे आठ-दहा किलोमीटर, पैसे दिवसाला 100-150च्या वर नकोत. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरूनच हिशेब करावा. पण खरं सांगू? पहिले पन्नास गिऱ्हाईक होईपर्यंत तिने जाहिरातीला हातच लावू नये. तेवढ्याच पैशांत तिच्या कॉलनीत आणि ओळखीच्या ऑफिसांत चव बघायला छोटे केक वाटले तर नंबर मिळतील.

आणि एफएसएसएआयची, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायला लागणारी सरकारी नोंदणी झाली नसेल तर आधी ती करायला सांगा. घरून विकलं, फोनवरून विकलं, तरी ती लागतेच. आम्ही केली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. तो चौदा आकडी नंबर पुड्यावर छापायला लागल्यापासून अनोळखी लोकांचे ‘घरचं आहे, स्वच्छ असतं का?’ हे प्रश्न बरेच कमी झाले.

एक गोष्ट तिने आजच करावी. त्या दोन ऑर्डरी आणि त्याआधीचे सगळे गिऱ्हाईक, नाव, नंबर, वाढदिवसाची तारीख, कागदाच्या वहीत उतरवून ठेवावं. 4 ऑक्टोबर 2021च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सहा-एक तास बंद होतं. आमचं तेव्हा काही बिघडलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी मी सीताबर्डीवरून दोनशे पानी वही आणली. केकवाल्यांना तर वाढदिवस दरवर्षी परत येतो. आठ दिवस आधी एक निरोप पाठवला तरी पुरे.

मी रविवारी दिवसभर घरी असते. ब्लॉगवर वर ईमेल दिलेला आहे, तिला त्यावर लिहायला सांगा. येताना फोन आणि जाहिरातीच्या पावत्या घेऊन यावं, बसून एकेक बघू. आणि तुम्ही आलात तर जाऊबाईंशीही भेट होईल. वड्यांबद्दल काय विचारायचं ते त्यांनाच विचारा.