सोळा प्रकारांत माणूस मावत नाही

दहावीचा निकाल लागल्यापासून आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. युंगने म्हणे सिद्ध केलंय की माणसं सोळाच प्रकारची असतात, दहा मिनिटांच्या चाचणीत मुलाचा प्रकार कळतो, तो जन्मभर बदलत नाही, म्हणून शाखा त्यावरूनच निवडा. मनोविश्लेषणवाले फ्रॉइडबिइड आता कालबाह्य, असंही त्यात आहे. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी युंग, म्हणजे स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९२१चं. अंतर्मुख-बहिर्मुख ही भाषा तिथली, पण त्यांची मांडणी आठ प्रकारांची आहे आणि निखळ अंतर्मुख माणूस नसतोच, असं तेच सांगत. सोळा प्रकारांची चाचणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बनवली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नव्हतं.

आता ‘सोळाच प्रकार’. खरी गफलत इथे आहे. या चाचणीत अंतर्मुख-बहिर्मुख अशा परस्परविरुद्ध गुणांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक रेघ. बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असतात. चौतीस गुणांचा नापास, पस्तिसाचा पास, पण दोघांच्या अभ्यासात फरक कितीसा? इथेही तेच होतं. म्हणून तर पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार बदललेला काही अभ्यासांत दिसला. गुणविशेषांचा सिद्धांत, म्हणजे माणसाला प्रकारात न टाकता कोणता गुण किती हे पाहणारा, याच्या उलट वाटेने गेला. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढे कॅटेलपासून अनेकांनी ते गाळत, जुळवत नेले आणि त्यातून पाच घटक हाती आले: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. हे पाचही प्रत्येकात असतात, कमीजास्त.

‘पण माझं वर्णन तर तंतोतंत जुळलं!’ असं ग्रुपवर तिघींनी लिहिलंय. १९४८मध्ये मानसशास्त्रज्ञ फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना चाचणीनंतर ‘खास तुमचं’ म्हणून वर्णन दिलं. सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. तो आपल्याला किती जुळतो, यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणजे वर्णन जुळलं, हा चाचणीचा पुरावा नव्हे.

जन्मभर न बदलण्याबद्दल: एखादा गुण आपल्यात चारचौघांपेक्षा कमी की जास्त, हे बरंचसं टिकतं, हे मान्य. पण वर्षानुवर्षं त्याच माणसांचा मागोवा घेणाऱ्या ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६मध्ये आला. त्यात विशी ते चाळिशीत कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वाढताना दिसतं. पंधराव्या वर्षी शिक्का मारायची घाई कशाला?

आणि शाखा? आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला या चाचणीच्या अहवालात ‘अंतर्मुख, वकिली टाळावी’ असं लिहून मिळालंय. लिफ्टमध्ये तो खरंच मान वर करत नाही. याच मुलाला मी पाडव्याला कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत पाहिलं. कमरेला ढोल, दोन बोटांना चिकटपट्टी, घसा बसलेला, आणि अख्खं पथक त्याच्या इशाऱ्यावर थांबत होतं. वागणं प्रसंगाप्रमाणे किती पालटतं, यावर मानसशास्त्रज्ञ मिशेल यांनी १९६८मध्येच बोट ठेवलं होतं. बरं, त्या चाचणीमागची संस्था स्वतःच सांगते की नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नका.

फ्रॉइडचं म्हणाल तर त्यांच्या बऱ्याच कल्पना तपासता येत नाहीत, हे खरं. पण ते मनातल्या नकळत चाललेल्या झगड्याबद्दल विचारतात, मानसशास्त्रज्ञ रॉजर्स स्वतःविषयीच्या प्रतिमेबद्दल, तर बंडुरा इतरांना पाहून शिकण्याबद्दल. प्रश्नच वेगळे आहेत, त्यामुळे एकाने दुसरा बाद होत नाही.

अकरावीचे पसंतीक्रम भरायचे दिवस आहेत. असा अहवाल पाहून कुणी मुलाची शाखा बदलली असेल, तर फॉर्म पक्का करण्याआधी मुलाला घेऊन माझ्याकडे या. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.