हँडलवाल्या सोलर रेडिओचा तो मेसेज: एकेक दावा तपासून

पावसाळा तोंडावर आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि जंगलात तंबू ठोकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "संकटासाठी हँडल आणि सोलरवाला रेडिओ घ्या. सेल कधीच लागणार नाहीत. मोबाईलही चार्ज होतो. बँड जितके जास्त तितका रेडिओ चांगला. वेदर बँडवर हवामानाचे इशारे मिळतात. अँटेना पूर्ण ओढला की जंगलातही सगळं लागतं." पाठवणाऱ्यांना काळजी आहे हे मान्य. पण हे वाचून घेतलेला रेडिओ ऐनवेळी दगा देईल.

"सेल कधीच लागणार नाहीत." २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदीकाठच्या घरांत पाणी. अशा अंधारात सोलर पट्टीला ऊन कुठून मिळणार? हँडल मिनिटभर फिरवलं तर रेडिओ काही मिनिटं चालतो. ती वीज साठते आतल्या छोट्याशा लिथियम बॅटरीत, आणि रेडिओ वर्षभर कपाटात पडून राहिला तर ती बॅटरी पार उतरून कायमची निकामी होऊ शकते. रोज गच्चीवर उन्हात ठेवावा, तर लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करणं तिला घातक असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा तिथे पोचतो. साधे पेन्सिल सेल पेंचच्या जंगलाजवळच्या देवलापार गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. फक्त ते रेडिओत घालून ठेवू नका, पाझरले की स्प्रिंगा गंजतात. पाकीट बाजूला ठेवा. हँडल जोडीला असेल तर असू द्या, पण सेलवर न चालणारा रेडिओ घेऊच नका.

"मोबाईलही चार्ज होतो." ५,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास वीज मावते. अर्ध्या वॉटची सोलर पट्टी धरली तरी ३८ तासांचं कडक ऊन लागेल, तेही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर. त्यापेक्षा पॉवरबँक भरून ठेवा.

बँडांच्या संख्येचं म्हणाल तर त्यातले बहुतेक शॉर्टवेव्हचेच, म्हणजे लांबच्या देशांतली स्टेशनं ऐकायच्या पट्ट्याचे, तुकडे असतात. आपल्याला एफएम आणि मिडियम वेव्ह (रेडिओवर 'MW' किंवा 'AM' लिहिलेलं असतं ते) पुरे.

वेदर बँड ही सेवा अमेरिका-कॅनडाची, १६२.४ ते १६२.५५ मेगाहर्ट्झची. नागपुरात तिथे फक्त खरखर ऐकू येईल. आपल्या प्रादेशिक हवामान केंद्राचे इशारे आकाशवाणीच्या बातम्यांतून कळतात. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप उत्तम, पण त्याला नेटवर्क हवं. ते नसेल तिथे मिडियम वेव्हवर कडाड् कडाड् आवाज वाढू लागले तर आसपास विजा चमकताहेत असं समजा आणि झाडाखालून निघा.

आता अँटेना. सर्वांत मोठी गफलत इथेच आहे. तो ओढायचा दांडा एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असतो. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पेंचच्या टेकड्यांआड नागपूरचं एफएम विरत जातं, दांडा कितीही ओढा. मिडियम वेव्ह जमिनीला धरून लांब पोचते, आणि तिचा अँटेना रेडिओच्या आत असतो: फेराइटची कांडी, तारेची गुंडाळी घातलेली. म्हणून मिडियम वेव्हला दांड्याला हात न लावता अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज एकदम उघडतो. ही कांडी जितकी लांब तितकं स्टेशन चांगलं पकडतं. खिशात मावणाऱ्या रेडिओत ती बोटाच्या एक-दोन पेरांएवढी असते, त्यामुळे छावणीसाठी जरा मोठा रेडिओच बरा.

सीताबर्डीच्या बाजारात खरेदीला गेलात तर दुकानात ऐकून ठरवू नका. एलईडी दिवे आणि चार्जर मिडियम वेव्हवर खूप गोंगाट करतात. रेडिओ बाहेर आणा, सेल घाला आणि आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ लावून बघा. हे भर दुपारी करा. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतलेल्या लहरींमुळे सामान्य रेडिओवरही दूरदूरची स्टेशनं लागतात आणि त्याची खरी कुवत कळत नाही.